वीटभट्टीवरून परतलेली गरोदर बाई, एचबी ६.४ आणि पोटातले जंत : एक प्रकरण

बाई बावीस वर्षांची, दुसरी खेप, जूनच्या शेवटी आशाताई तिला पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, घेऊन आल्या. जव्हार-मोखाड्याकडची गोष्ट आहे. ओळख पटेल असे तपशील मी गाळलेत नाहीतर बदललेत, पण आजार कसा कसा उलगडत गेला तो क्रम तसाच ठेवलाय. तक्रार काय, तर दम लागतो, पाण्याचा हंडा घेऊन चढण चढताना दोनदा बसायला लागतं, पायावर सूज, तोंडाला चव नाही, पोटात मधूनच कळ येते आणि जाते. जुलाब नाहीत, ताप नाही. शेवटची पाळी जानेवारीच्या शेवटी, म्हणजे साधारण २२ आठवडे, आणि या खेपेला तिला तपासणारा पहिला माणूस म्हणजे आमची सिस्टर, त्याआधी कुणी नाही. वजन ३९ किलो. बीपी ठीक. खालची पापणी ओढून बघितली तर पांढरीफट्ट, जीभ गुळगुळीत, नखं चपटी झालेली. एचबी, म्हणजे हिमोग्लोबिन, ६.४.

गरोदरपणात ११ च्या खाली एचबी म्हणजे ॲनिमिया आणि ७ च्या खाली म्हणजे तीव्र ॲनिमिया, हे सगळ्यांना पाठ असतं, आणि अशी बाई आली की कार्डावर काय लिहिलं जातं तेही ठरलेलंच: आहार कमी, गोळ्या नियमित घेत नाही, समुपदेशन केले. ते खोटं नसतं. पण यात एक प्रश्न सुटतो, की हिचं रक्त नुसतं कमी तयार होतंय का कुठून तरी रोज जातंयही? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, एनएफएचएस-५ (२०१९-२१) मध्ये, देशातल्या ५२.२ टक्के गरोदर बायकांना ॲनिमिया निघाला, महाराष्ट्रात ४५.७ टक्के. इतक्या बायकांमध्ये हा आजार असला की तो नेहमीचाच वाटायला लागतो आणि प्रत्येकीचं कारण वेगळं शोधायचं राहून जातं, ही मला या सगळ्या विषयातली सगळ्यात वाईट गोष्ट वाटते.

म्हणून हिच्याशी बोलायला बसलो. खरं सांगायचं तर या प्रकरणाचा अर्धा निकाल त्या बोलण्यातच लागला, लॅब नंतर.

दिवाळी झाली की या भागातली निम्मीअधिक घरं कुलूपबंद होतात, भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जोडपी जातात, लग्नासाठी नाहीतर आजारपणासाठी आधीच उचल घेतलेली असते ती फेडायला, आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. ही पण तशीच गेलेली, नवरा आणि आता दीड वर्षाचा झालेला पोरगा घेऊन. दिवस राहिले ते भट्टीवरच. पहिले चार-पाच महिने कुठेच नोंद नाही कारण गावातल्या आशाताईंच्या वहीत ती "स्थलांतरित" आणि भट्टीच्या बाजूच्या गावात ती कुणाचीच नाही. उलट्या व्हायच्या तेव्हा पण मातीचं काम चालूच होतं.

काम काय करायचीस विचारलं तर म्हणाली, नवरा माती कालवायचा, मी गोळे उचलून साच्याजवळ द्यायचे आणि कच्च्या विटा पलटायचे. पायात काय असायचं? तर ती हसली आणि म्हणाली, "पायात घालून चिखलात चालता येतं का म्याडम, ती चप्पल चिखलातच राहते." बरोबरच आहे तिचं. मग विचारलं, संडासला कुठे जायचात. भट्टीच्या मागे पाण्याचा हौद, त्याच्यातून पाणी झिरपून मागची जागा कायम ओलसर असायची, तिथे झुडपं, बायांना आडोसा तेवढाच, त्यामुळे दहा-बारा झोपड्यांमधल्या सगळ्या बायका-पोरं रोज पहाटे तिथेच. आणि तिथे जाताना? अनवाणीच, अंधारात चप्पल कोण शोधत बसणार.

ती ओलसर, सावलीची, भुसभुशीत जागा म्हणजे हुकवर्मला, आतड्यात बसून रक्त पिणाऱ्या जंताला, हवं तसं घर. माणसाच्या विष्ठेतून अंडी जमिनीवर पडतात, ऊब आणि ओल मिळाली तर एक-दोन दिवसांत फुटतात, आठवडाभरात अळी अशी तयार होते की ती न फाटलेल्या कातडीतूनही आत शिरू शकते, आधी जखम असावी लागत नाही, आणि मग तीन-चार आठवडे ती त्या मातीत पायाची वाट बघत राहू शकते. पायातून रक्तात, रक्तातून फुफ्फुसात, तिथून घशापर्यंत वर येऊन गिळली जाते आणि छोट्या आतड्यात जाऊन बसते. शिरली तिथे खाज येते, बारीक पुरळ येतं. तिला विचारलं तर म्हणाली, बोटांच्या बेचक्यात खाज यायची पण त्या चिखल्याच असतील म्हणून कोकम तेल लावलं. आता चिखल्या आणि ही खाज नुसतं सांगण्यावरून वेगळी काढता येत नाही, त्यामुळे त्या एका लक्षणावर मी फार भार टाकत नाही, पण विचारायला पाहिजे.

दुसरी गोष्ट तिने स्वतःहून सांगितली नाही, सासूने सांगितली, तेही ओरडल्यासारखं: ही माती खाते. हिने मान खाली घातली. डोहाळे म्हणून घरात सगळे धरून चालले होते. मी विचारलं कुठली माती, चुलीची, भाजलेली, का दुकानातली? तर भट्टीवरची कच्ची वीट. वाळत घातलेल्या विटेचा कोपरा मोडून तोंडात टाकायची, पहिल्या पावसात मातीचा वास येतो तशी चव लागते म्हणाली, आणि येताना फडक्यात बांधून थोडे तुकडे घरी पण आणलेले. हे नीट खोदून विचारावं लागतं कारण फरक मोठा आहे. भट्टीत भाजून निघालेल्या विटेत अंडं जिवंत राहणार नाही, चुलीच्या आतल्या मातीतही नाही, पण कच्ची वीट म्हणजे उघड्यावरची माती, तिच्यात गोलकृमीची अंडी असू शकतात आणि ती अंडी भलती चिवट, उन्हात थोडं वाळल्याने मरत नाहीत. गोलकृमीची एक मादी दिवसाला दोन लाखांच्या आसपास अंडी घालते, ती मातीत दोन-तीन आठवडे मुरली की पोटात जायला तयार. पश्चिम केनियात गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांवर काम झालंय, त्यात माती खाणाऱ्या बायकांना औषध दिल्यावरही गोलकृमी पुन्हा होण्याचं प्रमाण जास्त दिसलं. आणि हे चक्र उलटंपण फिरतं, अंगात लोह कमी झालं की माती खाविशी वाटते. म्हणजे तिची ती इच्छा हे स्वतःच एक लक्षण होतं. सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांचा सूर जरा खाली आला.

बाकी हिस्ट्री भराभर सांगते. पिण्याचं पाणी त्याच हौदातलं, ड्रममध्ये साठवलेलं, गाळून, न उकळता. हात धुवायला साबण मिळायचा तो आंघोळीपुरता. आधीचं बाळंतपण होऊन दीड वर्ष, पोरगा अजून अंगावर पितो. शाळा चौथीपर्यंत. गावच्या घराला संडास बांधलेला आहे, पण त्यात सरपण ठेवलंय, कारण एप्रिल-मे मध्ये प्यायचं पाणीच जिथे लांबून आणायचं तिथे संडासात ओतायला कोण आणणार. जव्हार-मोखाड्यात पावसाळ्यात इतका पाऊस पडून उन्हाळ्यात टँकर लागतो हे ज्यांनी बघितलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

तपासण्या. ॲनिमिया दिसला म्हणून थेट जंत असं करून चालत नाही, आमच्याकडे तर अजिबात नाही, इथे सिकलसेल आहे, मलेरिया आहे. सिकलसेलची सोल्युबिलिटी टेस्ट निगेटिव्ह, मलेरियाची स्लाइड निगेटिव्ह. रक्ताच्या स्लाइडवर पेशी लहान आणि फिकट, म्हणजे लोहाची कमतरता, आणि इओसिनोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) १४ टक्के. वाढलेले इओसिनोफिल बघितले की शौचाची तपासणी सांगायची, पण ती नीट व्हायला पाहिजे, आणि इथे खूप ठिकाणी घोळ होतो. डबी देतो, बाई दुसऱ्या दिवशी दुपारी घेऊन येते, तोवर उन्हाळ्याच्या गरमीत अंडी फुटून अळ्या बाहेर, मग त्या वेगळ्याच जंताच्या वाटू शकतात. आणि काटो-काट्झ या शौचातली अंडी मोजायच्या पद्धतीने स्लाइड केली तर हुकवर्मची अंडी अर्ध्या-एक तासात दिसेनाशी होतात, म्हणजे लावून ठेवून जेवायला गेलं की रिपोर्ट निगेटिव्ह. आमच्या लॅबवाल्या दादांनी तिला सकाळी पीएचसीतच थांबवलं, ताजा नमुना घेतला, सलाइनमध्ये लगेच लावला आणि मला बोलावलं. पातळ कवचाचं लांबट अंडं, आत चार पेशींचा पुंजका आणि पुंजका नि कवचामध्ये स्वच्छ मोकळी जागा, एकदा बघितलं की विसरत नाही. हुकवर्म. बाजूच्या फील्डमध्ये गोलकृमीचं जाड, खडबडीत, पिवळट तपकिरी अंडं. दोन्ही. हुकवर्मच्या दोन जातींपैकी कुठली ते अंड्यावरून कळत नाही, दोन्हींची अंडी सारखीच दिसतात.

जात कुठली याला महत्त्व आहे, कारण नेकेटर अमेरिकानसचा एक जंत दिवसाला साधारण ०.०३ मिली रक्त घालवतो आणि अँकायलोस्टोमा ड्युओडेनेलचा ०.१५ ते ०.२५ मिली. कमीत कमी धरू, नेकेटरचे शंभर जंत, रोज ३ मिली रक्त. ऐकायला काहीच नाही. पण तेवढ्या रक्तातून १ मिलिग्रॅमच्या आसपास लोह रोज जातं, थोडं आतड्यात परत शोषलं जातं असं धरलं तरी बरंचसं जातंच, आणि पूर्ण गरोदरपणात बाईला मिळून १००० मिलिग्रॅमच्या घरात लोह लागतं. एकीकडे बाळ मागतंय, दुसरीकडे दीड वर्षाचं पोर पितंय, तिसरीकडे हे. नुसतं "पालेभाज्या खा" सांगून ही वजाबाकी भरून निघत नाही.

आता संसर्ग भट्टीवरच झाला असं मी छातीठोक म्हणू शकते का? नाही. हुकवर्म आतड्यात वर्षभर, काही जातीचे तर कित्येक वर्षं राहतात, त्यामुळे मागच्या पावसाळ्यातले, त्याच्याही आधीचे यात असणार, आणि कोकण पट्ट्यात पावसाळा हाच याचा खरा हंगाम. भट्टीने त्यात भर टाकली, आणि जी गोळी वेळेवर मिळायची ती मिळू दिली नाही, असं म्हणणं जास्त बरोबर. १० फेब्रुवारीला राष्ट्रीय जंतनाशक दिन असतो, २०१५ पासून, तेव्हा तिचा पोरगा भट्टीवर होता आणि त्या भट्टीवर कुणी गोळी घेऊन गेलं नाही. तिला स्वतःला तेव्हा गोळी द्यायचीच नव्हती, पहिले तीन महिने अल्बेंडाझोल (तीच जंताची गोळी) देत नाहीत. ॲनिमिया मुक्त भारत या सरकारी कार्यक्रमात दुसऱ्या तिमाहीत ४०० मिलिग्रॅमची एक गोळी सांगितली आहे, म्हणजे तिची वेळ एप्रिलच्या शेवटापासून सुरू झालेली. लाल गोळी, म्हणजे ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड, तीही दुसऱ्या तिमाहीपासून रोज, १८० दिवस. एप्रिलचा शेवट, मे आणि निम्मा जून ती विटा पलटत होती.

मला इथे गोट्‌थार्डच्या बोगद्याची आठवण येते. स्वित्झर्लंडमध्ये डोंगर फोडून रेल्वेचा बोगदा खणताना १८८० च्या सुमारास कामगार पांढरेफटक पडायला लागले, दम लागायला लागला, आणि पेरोनचितो या इटालियन शास्त्रज्ञाने ते हुकवर्ममुळे आहे हे दाखवलं. आत ऊब, ओल, चिखल आणि संडासची सोय नाही म्हणून माणसं आतच बसायची. तेव्हा तो कामाच्या जागेचा आजार ठरला. आपण मात्र भट्टीवरच्या बाईच्या कार्डावर "अस्वच्छ सवयी" लिहितो. इथिओपिया, केनिया, नेपाळ कुठलेही गरोदर बायकांवरचे अभ्यास काढा, धोक्याच्या गोष्टी फिरून फिरून त्याच येतात, अनवाणी पाय, संडास नसणं, जेवणाआधी हात न धुणं, माती खाणं, न धुतलेला कच्चा भाजीपाला, कमी शिक्षण. याच्यातल्या बहुतेक गोष्टी तिच्या हातात नव्हत्या, मुकादमाच्या आणि मालकाच्या हातात होत्या.

उपचाराकडे येते. ६.४ म्हणजे नुसत्या गोळ्यांवर सोडायची केस नाही, शिरेतून लोह द्यायला उपजिल्हा रुग्णालयात पाठवायला हवं होतं. तिची तयारी नव्हती. आवणी, म्हणजे भाताची लावणी, तोंडावर आलेली, पोरगा लहान, आणि ॲडमिट म्हणजे सासूला वाटलं आता रक्ताच्या बाटल्या लावणार आणि नवऱ्याचं रक्त मागणार. हे भीतीचं खरं कारण आशाताईंनी काढलं, आम्हाला कुणी सांगत नव्हतं. रक्त नाही, लोहाचं सलाइन आहे, कुणाचं काही घ्यायचं नाही, पोरगा सोबत राहील, आणि आत्ता आठ-दहा दिवस दिले तर बाळंतपणात रक्त गेलं तरी ती वाचेल, असं सरळ बोललो. शेवटी सासूच म्हणाली, "आवणी मी बघते, तू जा." आयर्न सुक्रोज २०० मिलिग्रॅम, एकाआड एक दिवस, पाच डोस. अल्बेंडाझोल ४०० ची गोळी आमच्यासमोर चावून खाल्ली, कारण घरी दिलेली गोळी डब्यात राहते.

नवरा, सासू आणि पोरगा यांनाही गोळी दिली, पोरग्याला दोन वर्षांच्या आतला म्हणून अर्धी. घरातल्या एकीचेच जंत काढून काय उपयोग, अंगण तर सगळ्यांचं एकच.

चपलेबद्दल आम्ही बरंच बोललो आणि मला वाटतं इथे आपला नेहमीचा सल्ला सुधारायला हवा. "शेतात चप्पल घाला" हे कुणी ऐकणार नाही आणि भातखाचरात ते शक्यही नाही. पण पाणी साचलेल्या खाचरात हुकवर्मची अळी फारशी टिकत नाही, तिला ओल हवी, बुडणं नको. धोका बांधावर आहे, खाचराच्या कडेच्या झुडपाखाली, जिथे माणसं बसतात. म्हणून सांगितलं, आवणी अनवाणी कर, पण परसाकडे जाताना चप्पल घातल्याशिवाय जायचं नाही, चप्पल टमरेलाजवळच ठेवायची, आणि पोरालाही घालायची. एवढी एकच गोष्ट मागितली. ती तिने पाळली असं सासू सांगते.

पाण्यात क्लोरीनचे थेंब टाकतो म्हणून निर्धास्त राहू नये, हेही सांगायचंय. जंतूंवर ते चांगले, पण जिआर्डियाच्या (जुलाब करणारा परजीवी) गाठी त्या मात्रेला बऱ्यापैकी तग धरतात आणि गोलकृमीच्या अंड्याला तर काहीच होत नाही. गरोदर बाईसाठी तेवढं एक भांडं उकळून वेगळं ठेवा असं सांगितलं, अख्ख्या घराचं पाणी उकळायला सरपण पुरत नाही.

तीन आठवड्यांनी पुन्हा शौच तपासलं, गोलकृमीची अंडी नाहीत, हुकवर्मची तुरळक दिसली. अपेक्षितच होतं, एका गोळीने गोलकृमी बहुतेक जातात, हुकवर्म सगळे जातीलच असं नाही. दुसरी गोळी सातव्या महिन्यात दिली. एचबी महिन्याभरात ८.९. मग रोजच्या लाल गोळ्या चालू केल्या, तिथेही एक अडचण आली, शौचाला काळं होतंय म्हणून ती घाबरून बंद करणार होती, आणि कॅल्शियमची गोळी त्याच वेळी घेत होती. दोन्हीत दोन तासांचं अंतर ठेवायचं, लाल गोळी चहासोबत नाही, काळं होणं गोळीमुळेच. अंगणवाडीत अमृत आहार योजनेचं जेवण रोज मिळत होतं, ते खायला ती स्वतः जायची. छत्तिसाव्या आठवड्यात एचबी १०.३. कच्च्या विटेची ओढ केव्हा गेली ते तिलाही आठवत नाही, फडक्यातले तुकडे सासूने फेकले तेव्हा तिने विचारलं पण नाही.

बाळंतपण ऑक्टोबरच्या शेवटी, दवाखान्यात, साधं. मुलगी, २.४ किलो. अडीचच्या खालीच, आणि जंताची गोळी दिली नसती तर वजन किती कमी झालं असतं हे एका केसवरून कुणी सांगू शकत नाही. नेपाळमध्ये २००४ साली छापून आलेल्या अभ्यासात दोन गोळ्या मिळालेल्या बायकांच्या बाळांचं वजन सरासरी ५९ ग्रॅमने जास्त आणि सहा महिन्यांपर्यंतचे मृत्यू ४१ टक्क्यांनी कमी दिसले, उलट युगांडात एन्टेबेला अडीच हजार बायकांवर झालेल्या चाचणीत वजनात फरक दिसला नाही, तिथे जंतांचा भार मुळात हलका होता. माझं मत असं की जिथे अनवाणी काम, उघड्यावर संडास आणि ७ च्या आतला एचबी एकत्र दिसतात तिथे वाट बघण्यात अर्थ नाही. डब्ल्यूएचओ (जागतिक आरोग्य संघटना) पण ज्या भागात २० टक्के किंवा जास्त गरोदर बायकांना हुकवर्म किंवा व्हिपवर्म (आतड्यातला आणखी एक जंत) आणि ४० टक्के किंवा जास्त गरोदर बायकांना ॲनिमिया आहे तिथे पहिल्या तिमाहीनंतर सगळ्यांना गोळी द्या म्हणतं.

दिवाळीनंतर घर पुन्हा भट्टीवर गेलं, उचल घेतलेली होती, आम्ही थांबवू शकलो नाही. जाताना बाळंतपणानंतरच्या १८० दिवसांच्या लाल गोळ्या पूर्ण दिल्या, चप्पल दोन जोड, कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत. भट्टी ज्या गावच्या हद्दीत आहे तिथल्या उपकेंद्राच्या सिस्टरला फोन करून बाईचं आणि दोन्ही पोरांचं नाव लिहून घ्यायला लावलं, १० फेब्रुवारीला त्या भट्टीवर गोळ्या घेऊन जा म्हणून सांगितलं, त्या जाऊन आल्या आणि पोरग्याला गोळी मिळाली. आमच्या पहिल्या तपासणीच्या फॉर्मवर आता सिस्टर चार ओळी हाताने वाढवून लिहितात: मागच्या वर्षभरात कुठे कामाला होतीस, तिथे संडासला कुठे जायचात, जाताना पायात काय असायचं, माती खाविशी वाटते का आणि कुठली. भट्टीवरून आलेली असेल तर शौचाची डबी त्याच दिवशी, नमुना पीएचसीतच.